पाण्यालाच नांगर : फॅलमथ ते आ कोरुन्या

शुक्रवार, फॅलमथ

बोट दादांची. दादा मूळचे रत्नागिरीचे, मर्चंट नेव्हीत आयुष्य काढून कॅप्टन म्हणून रिटायर झाले आणि आता वहिनींबरोबर साउथॅम्प्टनला असतात. बोट ३६ फुटी, जुनी, लांब कीलची (कील म्हणजे पोटाखालचा वजनदार कणा), वजन साधारण साडेसात टन. मी हर्णैची, नोकरीमुळे सध्या ब्रिस्टलला, तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी त्यांच्या बोटीवर शिडं ओढायला जाते पण बिस्केचा उपसागर ओलांडायची ही पहिलीच वेळ. इंग्लंडच्या नैऋत्येच्या फॅलमथपासून स्पेनमधलं आ कोरुन्या साधारण ४३० सागरी मैल, वारा बरा असेल तर चार दिवस. आम्हाला सहावा दिवस उजाडला, कारण त्यातले ३८ तास आम्ही भर समुद्रात जवळजवळ एकाच जागी होतो, खाली साडेचार किलोमीटर पाणी. ते ३८ तास विसरायच्या आत वहीतून उतरवून ठेवतेय.

निघायच्या आदला अख्खा दिवस एका दोरावर गेला. सी अँकर लावून ठेवायचा होता. बरेच जण तो पिशवीत घालून लॉकरच्या तळाशी टाकतात आणि लागेल तेव्हा काढू म्हणतात, दादांचं म्हणणं असं की लागतो तेव्हा बाहेर ४० नॉट (ताशी ४० सागरी मैल) वारा असतो, काळोख असतो, निम्म्या क्र्यूला बोट लागलेली असते, मग कोण काढणार आणि गुंता कोण सोडवणार. म्हणून बंदरात बांधून ठेवायचा, वापरावा लागला नाही तर तिकडे पोचल्यावर सोडायचा.

सी अँकर म्हणजे तळाला जाऊन रुतणारा नांगर नाही. ते एक कापडी पॅराशूट असतं, आमचं १५ फूट व्यासाचं, ते पाण्याखाली उघडतं आणि लांब नायलॉनच्या दोराने बोटीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बांधलेलं असतं. वारा बोटीला मागे रेटतो, पॅराशूटमध्ये टनावारी पाणी अडकून बसतं, ते पाणी काही सहजासहजी हलत नाही, त्यामुळे दोर ताठ होतो आणि नाळ वाऱ्याकडे नि लाटांकडे तोंड करून राहते. सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच. छोट्या बोटीला वादळात नुसत्या मोठ्या लाटेची भीती नसते, कितीही मोठी असली तरी बोट तिच्यावर चढते आणि उतरते, भीती असते ती फुटणाऱ्या लाटेची, आणि तीही कुशीवर, म्हणजे बोटीच्या बाजूवर, घेतली तर. १९७९च्या ऑगस्टमध्ये फास्टनेट रेसला, शिडाच्या बोटींच्या शर्यतीला, वादळाने गाठलं, ३०३ बोटी निघाल्या होत्या, १५ शर्यतवाले खलाशी गेले, २४ बोटी सोडून द्याव्या लागल्या, त्यातल्या ५ बुडाल्या. त्यानंतर साउथॅम्प्टन युनिव्हर्सिटीत टाकीत मॉडेल्स सोडून टेस्ट केल्या तेव्हा दिसलं की बोटीच्या लांबीच्या साधारण ३० टक्के उंचीची लाट बरोब्बर कुशीवर फुटली तर बोट उलटू शकते, आणि ६० टक्क्यांना तर जवळजवळ कुठलीच टिकत नाही. आमची बोट ११ मीटर. म्हणजे सव्वातीन मीटरची फुटणारी लाट पुरे. हा आकडा दादांनी चार्ट टेबलच्या वर पेन्सिलने लिहून ठेवलाय, ३.३, बाकी काही नाही.

तर काम असं होतं. ११० मीटर नायलॉनचा दोर, १८ मिलिमीटर जाडीचा. नायलॉनच हवा कारण तो ताणतो, लाटेचा झटका पोटात घेतो, न ताणणारा दोर लावला तर तोच झटका सरळ क्लीटवर (डेकवरच्या दोर बांधायच्या खुंटावर) येतो आणि क्लीट डेकसकट उपटून निघू शकतो. दोराचं एक टोक नाळेवरच्या रोलरमधून आत घेऊन क्लीटला, दुसरं टोक सगळ्या रेलिंगच्या बाहेरून मागे कॉकपिटपर्यंत आणायचं, दर दोन फुटांवर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने बांधत, म्हणजे ओढ बसली की पट्ट्या एकामागून एक तुटतील आणि दोर मोकळा होत जाईल. एक जरी वेढा रेलिंगच्या आतून गेला तर वादळात अख्खं रेलिंग जाईल. मी बांधत गेले, दादा मागून हात फिरवत तपासत आले, दोनदा सोडून पुन्हा बांधायला लावलं. रोलरमध्ये दोर जिथे घासणार तिथे जुन्या फायर होजचा दीड मीटर तुकडा चढवला. दोर आणि पॅराशूटच्या मध्ये स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, कारण पॅराशूट पाण्यात गरगरतं आणि स्विव्हल नसेल तर दोराला पीळ बसत जातो. पॅराशूटच्या डोक्याला १० मीटर दोरी आणि तिच्या टोकाला लाल तरंगता गोळा, म्हणजे ते फार खोल बुडत नाही आणि काढताना डोक्याकडून ओढता येतं.

शनिवार

सकाळी सहाला सोडलं. पेंडेनिस किल्ल्याखालून बाहेर पडताना वहिनींनी नारळ काढला. नारळी पौर्णिमा होऊन आठ दिवस झाले होते, पण वहिनी म्हणाल्या आपण आज समुद्रात उतरतोय तर आपली पौर्णिमा आज. हळदकुंकू लावून नारळ पाण्यात सोडला, मी हात जोडले, दादांनी टोपी काढली आणि मिनिटभर कोणी बोललं नाही.

फॅलमथशी आपलं एक नातं आहे ते मला माहीत नव्हतं, दादांनी सांगितलं. याच बंदरातून १४ जून १९६८ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटे निघाले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून इथेच परतले, जगात असं करणारे पहिले. त्यांची ३२ फुटी सुहैली आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. दक्षिण समुद्रात लाटा फार झाल्या की ते लांब जाड दोर बोटीच्या मागे सोडून द्यायचे, त्या दोरांच्या ओढीने वेग कमी व्हायचा आणि बोट लाटेला पाठ देऊन सरळ राहायची. पुढून पॅराशूट असो नाहीतर मागून दोर, पाण्याला धरून राहायचं ही कल्पना तीच. मुंबईच्या सुतारांनी जोडलेल्या फळ्या त्या लाटांत टिकल्या हे ऐकून त्या किल्ल्याकडे मी परत वळून बघितलं.

वारा वायव्येचा, १२-१४ नॉट, शिडं छान भरलेली. लिझार्डचं टोक मागे पडलं आणि मग जमीन दिसेनाशी झाली. दुपारी मला बोट लागली, ओकारी दोनदा, वहिनींनी आल्याचा तुकडा आणि मीठ दिलं, संध्याकाळी मेतकूट भात पोटात राहिला. रात्री बारा ते तीन माझा वॉच, मध्यरात्रीच्या आसपास अर्धा चंद्र उगवला आणि पाणी दिसायला लागलं. जहाजं पुष्कळ, सगळी फ्रान्सच्या टोकाशी असलेल्या अशंट बेटाजवळच्या ट्रॅफिक लेनकडे निघालेली. आम्ही मुद्दाम पश्चिमेला, लेनच्या बाहेरून.

रविवार

सकाळपर्यंत १२५ मैल झाले. दुपारी खंडाची कड ओलांडली, डेप्थ साउंडरवर (खोली मोजायच्या यंत्रावर) १८०, २१० आणि मग आकडाच नाही, नुसत्या रेघा. नकाशात बघितलं तर थोड्याच मैलांत तळ दोनशे मीटरवरून चार हजारावर जातो. त्या कडेवर डॉल्फिन आले, वीसेक असतील, नाळेच्या पुढे पुढे अर्धा तास. वहिनी आडव्या पडून हात खाली सोडून बघत होत्या.

संध्याकाळचा फोरकास्ट मात्र बदलला. सकाळपर्यंत बिस्के आणि त्याच्या पश्चिमेचा फिट्झरॉय या दोन्ही सागरी भागांना वाऱ्याच्या बोफर्ट मापावर नैऋत्य ५ ते ६ होतं, आता नैऋत्य ७ ते सीव्हिअर गेल ९, नंतर वायव्येला फिरून ८. सीव्हिअर गेल म्हणजे ४१ ते ४७ नॉट. एक लो प्रेशर अपेक्षेपेक्षा दक्षिणेकडून येत होता. निघाल्यावर असं होऊ शकतं, चार दिवसांचा अंदाज चार दिवस टिकतोच असं नाही.

जेवताना बसून विचार केला. परत फिरणं म्हणजे वादळ पाठीवर घेऊन अशंटच्या उथळ पाण्याकडे आणि जहाजांच्या गर्दीत जाणं. पुढे रेटणं म्हणजे स्पेनच्या कडेशी वादळात पोचणं, तिथे तळ अचानक वर येतो आणि लाटा उभ्या राहून फुटतात, ते तर नकोच. तिसरा रस्ता मागून ड्रोग सोडून वाऱ्याबरोबर पळायचं. आमच्याकडे एक ड्रोगही आहे, छोटा कापडी शंकू, तो बोटीला थांबवत नाही, नुसता आवरतो, चार-पाच नॉटवर ठेवतो. पण नैऋत्य वाऱ्याबरोबर पळालो तर दिवसात शंभर मैल फ्रान्सच्या किनाऱ्याकडे, उपसागराच्या कोपऱ्यात, आणि मग तेच शंभर मैल वाऱ्याविरुद्ध परत. दादा म्हणाले, "आपल्याला कुठे जायचं नाहीये, आपल्याला थांबायचंय." म्हणून पॅराशूट, तेही खोल पाण्यातच, दोन्ही कडांपासून लांब.

सोमवार

सकाळी २५५ मैल झाले होते. वारा दक्षिणेकडे गेला, मग नैऋत्येकडे, १८, २२, २६. आकाशाला दुधासारखा रंग आणि बॅरोमीटर तीन तासांत ६ मिलिबार खाली. दुपारपर्यंत रडतखडत वाऱ्याविरुद्ध तीसेक मैल काढले. तीन वाजता दादा म्हणाले, आता. वारा तेव्हा ३० नॉटच होता आणि मला वाटलं अजून चालवता येईल की, पण त्यांचा हिशोब वेगळा होता, उजेड हातात आहे, हातापायात ताकद आहे, वहिनींनी सगळ्यांना गरम पिठलंभात खायला घातलाय, आत्ताच करायचं.

मोठं शीड तिसऱ्या रीफपर्यंत आणून, म्हणजे दुमडून अगदी लहान करून, बोट आडवी थांबवली. मी हार्नेस (सुरक्षेचा पट्टा) अडकवून कॉकपिटमध्ये, पिशवी मांडीवर. वाऱ्याच्या बाजूने टाकायचं, म्हणजे बोट त्याच्यापासून दूर सरकत जाते, दुसऱ्या बाजूने टाकलं तर बोट पॅराशूटवरच चढते. आधी लाल गोळा, मग पिशवी. वहिनींनी पाण्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खाली साडेचार हजार मीटर पाणी आणि आपण नांगर टाकतोय?" दादा म्हणाले, "पाण्यालाच टाकतोय. तळाशी आपलं काय काम?"

पिशवी बुडाली आणि दोर सुटायला लागला, पट्ट्या तट तट तट तुटत नाळेकडे गेल्या, शुक्रवारची सगळी मेहनत दहा सेकंदात. साधारण निम्मा दोर गेल्यावर दादांनी नाळेवर क्लीटला एक वेढा देऊन धरला, पॅराशूट उघडावं म्हणून, आणि मला ओरडून सांगितलं की दोराच्या वळणात पाय नको, हातमोजे काढू नको. काही क्षण काहीच झालं नाही. मग दोर पाण्यातून उठला, त्यातून पाण्याचे थेंब पिळल्यासारखे उडाले आणि बोटीची नाळ हळूच, कोणीतरी दावं धरून बैलाला वळवावं तशी वाऱ्याकडे वळली. उरलेला दोर सोडला, ९० मीटरवर बांधला, शीड उतरवून गुंडाळलं, मागच्या तारेवर रुमालाएवढं वादळी शीड चढवलं, ते बोटीची शेपटी वाऱ्यात सरळ धरतं. सुकाणूचा दांडा मधोमध दोन्ही बाजूंनी दोरीने आवळला, कारण आता बोट मागे सरकणार आणि मागे जाताना सुकाणूवर उलटं पाणी आपटतं, मोकळं सोडलं तर तुटतं. चार वाजून दहा मिनिटं.

आणि एकदम आवाज कमी झाला. वारा तेवढाच होता पण पळणाऱ्या बोटीचा आपटण्याचा आवाज गेला. मला तेव्हा हर्णैची एक रात्र आठवली. मी नऊ-दहा वर्षांची असेन, काकांनी एकदाच मला होडीवर नेलं होतं, तरंगतं जाळं सोडलं, त्याचं टोक होडीला बांधलं आणि काका झोपायच्या तयारीला लागले. मी घाबरून विचारलं, होडी वाहून नाही का जाणार? काका म्हणाले, "जाल्यानं धरलंय गो तिला, पाणी जाईल तिकडं जाल आपण." होडी रात्रभर जाळ्याच्या टोकाला नाळ करून डुलत राहिली. इथे बिस्केत, इतक्या वर्षांनी, तेच चाललं होतं, जाळ्याच्या जागी पॅराशूट.

कागदावर हे आरामाचं वाटतं, तसं नाही. बोट डावीकडे ३० अंश वळते, मग उजवीकडे, नाळ वर उचलली जाते आणि दोर ताणून तिला खाली ओढतो, त्या ओढीला पोटात खड्डा पडतो. पहिल्या तासात झटके फार येत होते. दादांनी खिडकीतून लाटा मोजल्या, पॅराशूट लाटेच्या माथ्यावर असायचं तेव्हा आम्ही खड्ड्यात, त्यामुळे दोर एकदा ढिला एकदा ताठ. आणखी १० मीटर सोडला, आणि खरंच, लाल गोळा आणि आम्ही एका वेळी चढायला आणि एका वेळी उतरायला लागलो. कॅप्टन व्हॉस नावाचा माणूस १९०१मध्ये कॅनडाच्या व्हिक्टोरियातून टिलिकम नावाच्या एका झाडाच्या खोडातून कोरलेल्या होडीत निघाला आणि १९०४मध्ये लंडनला पोचला, तो वाटेत असाच सी अँकरवर पडून राहायचा. ३८ फुटी कोरीव होडी! मला त्या रात्री तो माणूस फार जवळचा वाटला.

दर तासाला एकाने रांगत नाळेवर जाऊन दोर हातभर सोडायचा, म्हणजे घासणारी जागा बदलते. दोर तुटतो तो ओढीने नाही, घासून तुटतो, आणि शिवाय ताणून सैल होऊन आतल्या आत तापतो. तो हातभर दोर सोडायला जाण्याइतकं भीतीचं काम मी आयुष्यात केलेलं नाही. काळोख, डोक्यावरचा दिवा, दोन्ही हार्नेस अडकवलेले, पोटावर सरकत पुढे, लाट येताना दिसत नाही, ऐकू येते. पाणी अंगावरून जातं तेव्हा श्वास धरायचा आणि वेढा मोजायचा.

मंगळवार

पहाटे दोनला एआयएसवर (आसपासची जहाजं दाखवणाऱ्या स्क्रीनवर) एक कंटेनर जहाज सरळ आमच्यावर येताना दिसलं, ९ मैल. दादांनी रेडिओवर बोलावलं, शांतपणे, जुन्या कॅप्टनच्या आवाजात सांगितलं की आम्ही ३६ फुटी शिडाची बोट, सी अँकरवर आहोत, पुढे ११० मीटर दोर आहे, हलू शकत नाही. तिकडून लगेच उत्तर आलं आणि जहाजाने दिशा बदलली. दादा मग म्हणाले, मी त्या ब्रिजवर उभा राहिलोय, अशा फेसात एवढीशी बोट डोळ्यांना दिसत नाही, रडारवर लाटांच्या ठिपक्यांत हरवते, रेडिओ केला नसता तर त्यांना कळलंही नसतं. म्हणून तिघांपैकी एक जण कायम स्क्रीनसमोर, झोप कितीही येवो.

चारच्या सुमारास सगळ्यात जोर होता. यंत्रावर ४४ नॉट, झोतात ५१ मी स्वतः वाचला. लाटा पाच-साडेपाच मीटर असतील, काहींचे माथे फुटत होते आणि फेस पांढरा पडदा ओढल्यासारखा बोटीवरून जात होता, पण नाळेवरून, कुशीवरून नाही. ३.३ चा आकडा समोर लिहिलेला होता आणि त्याच्याहून मोठ्या लाटा एकामागून एक येऊन दोन बाजूंना वाटून जात होत्या. वहिनी सगळा वेळ खाली जमिनीवर गाद्या रचून बसल्या होत्या, रामरक्षा म्हणत, मधे थांबून थर्मासमधला चहा देत, पुन्हा म्हणत.

साडेपाचला फ्रंट, म्हणजे वादळाची हवा बदलणारी सीमा, डोक्यावरून गेला. पाऊस असा की पाणी सपाट झालं, दहा मिनिटं वारा जवळजवळ पडला, आणि मग वायव्येकडून एकदम आला. याची मला कल्पना नव्हती. बोट पॅराशूटवर आहे म्हणजे ती नव्या वाऱ्याकडे तोंड करणार, आणि केलंच, पण जुन्या लाटा अजून नैऋत्येकडूनच येत होत्या, त्या आता थेट कुशीवर. जे टाळायला एवढं सगळं केलं तेच. दोन-अडीच तास बोट अशी लोळली की कपाटाचं दार उघडून डाळीचे डबे फुटले, आणि दोन लाटा खरोखर कुशीवर फुटल्या, दुसऱ्या लाटेला मास्ट पाण्याकडे इतका गेला की खिडकीबाहेर नुसतं हिरवं पाणी होतं. मग कीलच्या वजनाने तिला परत उभी केली. त्याच लाटेत सुकाणूची एक बाजूची दोरी सुटली, दांडा कॉकपिटभर आपटायला लागला. दादा बाहेर गेले, मी त्यांचे पाय धरून दारात, त्यांनी अंगाने दांडा दाबून धरला आणि मी दोरी परत आवळली. पूर्ण वेळेत सुकाणू गेलं असतं तर तो क्षण होता.

नंतर पॅराशूटवर राहण्याचा हा खरा कमकुवतपणा दादांनी कागदावर काढून दाखवला. वारा फिरला की जुन्या लाटा मोकळ्या सुटतात. मागून सोडायचा सीरिज ड्रोग अशा वेळी बरा म्हणतात, डोनाल्ड जॉर्डन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने फास्टनेटच्या वादळानंतर तो काढला, एका लांब दोरावर शंभराहून जास्त छोटे शंकू, त्यावर १९८७मध्ये अमेरिकन कोस्ट गार्डचा रिपोर्टही आहे. शंकू सगळे एकदम ढिले पडत नाहीत, काही ना काही कायम ओढत असतात, म्हणून झटका येत नाही. पण तो मागून असतो, बोट दीड-दोन नॉटने वाहत राहते आणि लाटा कॉकपिटमध्ये चढतात. दादांचं मत की जागा राखायची असेल तर पॅराशूट आणि समुद्र मोकळा असेल तर सीरिज ड्रोग, आणि पुढच्या वर्षी ते दुसराही घेणार आहेत. मला विचाराल तर त्या अडीच तासांनंतर मी दोन्ही बरोबर ठेवीन, डाळीचे डबे कमी करून.

दहा वाजता नाळेवर गेले तर फायर होजचा तुकडा सरकून पुढे गेला होता आणि दोर थेट रोलरच्या लोखंडावर. वरचं आवरण खरवडून कापसासारखं फुललेलं, तीन-चार इंच. एक तास गेला असता तर... दादांना हाक मारली, तीन मीटर दोर सोडला, खराब भाग रोलरच्या पुढे पाण्याच्या बाजूला गेला, रोलरमध्ये आलेल्या चांगल्या भागावर दुसरा तुकडा, जुन्या जीन्सचा, त्यावर दोरीचे वेढे घट्ट. म्हणजे खराब भाग अजून ओढ घेतोय, पण घासत नाहीये. त्यानंतर तासाऐवजी दर अर्ध्या तासाला जायचं ठरलं आणि रात्रीपर्यंत आम्ही तसंच केलं, तिघंही, वहिनीसुद्धा दोनदा गेल्या.

दुपारी वारा ३५, संध्याकाळी २५. आकाश धुतल्यासारखं निळं. सगळ्यांनी आळीपाळीने चार तास झोप काढली.

बुधवार

सहा वाजता, १८ नॉट वायव्य, लाटा मोठ्या पण गोल. सोमवारी दुपारच्या जागेपासून जीपीएसवर २१ मैल पूर्वेला. ३८ तासांत २१ मैल! शिडावर असतो तर एवढं तीन-चार तासांत जातं.

काढणं टाकण्याइतकं सोपं नाही. पाण्याने भरलेलं १५ फुटी पॅराशूट ओढता येत नाही, म्हणून इंजिन अगदी हळू ठेवून दोराच्या दिशेने पुढे सरकायचं, मी नाळेवर ढिला दोर आत घेत, दादांना हाताने खुणा करत, दोर प्रोपेलरखाली जाणार नाही हे बघत. मग लाल गोळा आकड्याने पकडला आणि डोक्याच्या दोरीने ओढलं, पॅराशूट उलटं झालं, पाणी सांडलं आणि ओल्या गोधडीसारखं वर आलं. पाऊण तास. हाताचे तळवे दोन दिवस दुखत होते. दोन्ही शिडं चढली, वारा बाजूवर, सहा नॉट, आणि दुपारी वहिनींनी फुटलेल्या डब्यांतली सगळी डाळ एकत्र करून पंचमेळ आमटी केली.

गुरुवार, आ कोरुन्या

पहाटे टॉवर ऑफ हर्क्युलिसचा दिवा दिसला. रोमन लोकांनी बांधलेला दीपस्तंभ, अजून चालू, २००९पासून जागतिक वारशाच्या यादीत. त्याच्या चार झोतांचा ठेका मी आधी चार्टवर वाचला होता, तरी तो खरोखर दिसला तेव्हा घड्याळ लावून तीनदा मोजला. नऊ वाजता धक्क्याला लागलो. वहिनी उतरल्या आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

दुपारी झोप झाल्यावर पॅराशूट गोड्या पाण्याने धुतलं आणि पोंटूनवर (तरंगत्या धक्क्यावर) पसरलं, अख्खी वाट अडली म्हणून शेजारच्या फ्रेंच बोटीवरचे दोघं येऊन धरायला लागले, त्यांनी सोमवार-मंगळवार आ कोरुन्यातच बंदरात काढले होते आणि दोराचा तो खरवडलेला भाग ते हातात घेऊन बराच वेळ बघत होते. दादांनी तो भाग आणि दोन्हीकडे मीटरभर कापून टाकला, मी टोकाला नवीन डोळा, म्हणजे पक्का फास, विणला, मग स्विव्हल, मग दोऱ्या एकेक मोजून बारीक घड्या. उन्हात वाळायला संध्याकाळ झाली. पिशवी बंद करून मी लॉकरमध्ये ठेवायला निघाले तर दादा म्हणाले, वरच राहू दे गं, शनिवारी फिनिस्टेरचं टोक वळायचंय, उद्या बांधू.